पहिल्या प्रदर्शनापर्यंत: ओपन कॉल शोधण्यापासून भिंतीवर खिळा ठोकण्यापर्यंत

पहिली दोन वर्षं मी सतत अर्ज करत होते, सतत नकार येत होते, आणि माझी चित्रंच वाईट आहेत असं मी मनाशी पक्कं करून टाकलं होतं. मग एका ग्रुप शोच्या निवडीला मदतनीस म्हणून बसायची वेळ आली. काम काय, तर लॅपटॉपवर पुढचा फोटो, पुढचा फोटो असं बटण दाबत राहायचं, मागे तीन परीक्षक बसलेले. त्या एका दुपारी जे कळलं ते दोन वर्षांत कळलं नव्हतं. पहिल्या फेरीत चित्र कुणी बघतच नाही हो! चित्राचा फोटो बघतात, त्याखालची ओळ वाचतात आणि पुढे जातात. अंधारलेला फोटो, तिरका फोटो, सोफ्याला टेकवून काढलेला फोटो, माप लिहिलेलं नाही, फाईल उघडतच नाही, आणि या असल्या कारणांनी चांगलं काम करणारी माणसं धडाधड बाहेर. माझे अर्जही असेच गेले असणार हे लक्षात आलं तेव्हा हसावं की रडावं कळेना.

म्हणून हे लिहितेय. चित्र कसं काढायचं ते तुमचं तुम्हाला माहीत आहे, त्यात मी पडत नाही. चित्र तयार झाल्यापासून ते भिंतीवर लागून परत घरी येईपर्यंत जे जे करावं लागतं आणि जे कुणी शिकवत नाही, तेवढंच सांगते. चित्रं, प्रिंट, फोटो, शिल्पं अशा कामांना हे लागू होतं. व्हिडिओ आणि परफॉर्मन्सवाल्यांनी फोटोचा भाग सोडून बाकीचं वाचा.

१. आधी ठरवा, हवंय काय

"संधी" या एका शब्दात आपण सगळंच कोंबतो. ओपन कॉल म्हणजे कुणीही अर्ज करू शकेल असं जाहीर आमंत्रण. ज्युरी असलेला ग्रुप शो म्हणजे त्यातून निवडक कामं लावणार. रेसिडेन्सी म्हणजे ठरावीक काळ राहायला आणि काम करायला जागा, तिथे शेवटी प्रदर्शन असेलच असं नाही. ग्रँट म्हणजे एखादं काम पूर्ण करायला पैसे. मग कलाकारांनीच चालवलेल्या जागा असतात, कमर्शियल गॅलऱ्या असतात, आर्ट फेअर असतात.

तुमच्याकडे दहाबारा पूर्ण कामं असतील तर ग्रुप शोपासून सुरुवात करा. डोक्यात मोठं काम आहे पण वेळ आणि जागा नाही, तर रेसिडेन्सी बघा. कमर्शियल गॅलरीला पहिल्याच दिवशी मेल टाकून "माझं काम बघा" म्हणण्यात फारसा अर्थ नसतो. त्या लोकांना नवीन कलाकार बहुतेक करून आधीच्या ग्रुप शोमधून, दुसऱ्या कलाकारांच्या तोंडून किंवा क्युरेटरकडून (प्रदर्शनासाठी कामं निवडून मांडणाऱ्याकडून) कळतात. सगळीकडे एकदम अर्ज करायचा मोह होतो, मलाही झाला होता, त्यातून फक्त थकायला झालं.

२. दहा कामं निवडा, जी एकमेकांशी बोलतात

इथे बहुतेकांचा घोळ होतो. आपल्याला वाटतं की आपल्याला काय काय येतं ते सगळं दाखवावं, म्हणजे एक पोर्ट्रेट, एक लँडस्केप, एक ॲबस्ट्रॅक्ट, वर एक मातीचं भांडं. बघणाऱ्याला त्यातून एकच कळतं, की या माणसाचं अजून ठरलेलं नाही. त्यापेक्षा गेल्या दोन-तीन वर्षांतली, एकाच प्रश्नाभोवती फिरणारी कामं घ्या. त्यातलं एखादं थोडं कच्चं असलं तरी चालेल.

क्रमही महत्त्वाचा आहे. सगळ्यात दमदार काम पहिलं आणि त्याच्या तोडीचं दुसरं काम शेवटी. मधे सूर बदलायचा असेल तर हळूहळू बदला. एखादं काम फक्त त्याच्यावर खूप कष्ट घेतले म्हणून ठेवताय का, हे एकदा प्रामाणिकपणे तपासा. ते सहसा काढावंच लागतं, आणि काढताना जीव तुटतो.

३. फोटो (हा भाग घाईत वाचू नका)

लागणारं सामान: कॅमेरा किंवा बऱ्यापैकी फोन, ट्रायपॉड, सारखे दोन दिवे, पांढरं कापड किंवा ट्रेसिंग पेपर, ग्रे कार्ड (रंग जुळवायला वापरायचा ठरावीक राखाडी छटेचा पुठ्ठा), लेव्हल (सरळ आहे का ते दाखवणारं साधन), मापाची टेप.

चित्र भिंतीवर सपाट लावा, टेकवून ठेवू नका, कारण टेकवलं की ते मागे झुकतं आणि फोटोत वरची कड लहान दिसते. कॅमेऱ्याची लेन्स बरोबर चित्राच्या मध्यबिंदूसमोर हवी, आणि कॅमेरा चित्राला समांतर. दोन दिवे दोन बाजूंना, चित्राशी ४५ अंशांचा कोन करून, दोघांचं अंतर सारखं, दोघांचे बल्ब एकाच प्रकारचे. एक पिवळा आणि एक पांढरा असला की अर्धं चित्र आजारी दिसतं. दिव्यापुढे पांढरं कापड धरलं की उजेड मऊ होतो. खोलीतले बाकीचे दिवे बंद, खिडकीला पडदा.

दिवे नसतील तर ढगाळ दिवशी बाहेर सावलीत काढा, उत्तम येतो. फ्लॅश अजिबात नको.

कॅमेऱ्याचं सेटिंग: आयएसओ (उजेड टिपण्याची संवेदनक्षमता) १००, ॲपर्चर (लेन्सचं तोंड किती उघडं ते) एफ ८ च्या आसपास, आणि शटर दाबताना हात लागून हलू नये म्हणून दोन सेकंदांचा टायमर. लेन्स ५० मिलिमीटर किंवा त्याहून लांबची, वाइड लेन्सने चित्राच्या कडा फुगतात. फोनवर काढत असाल तर जवळ जाऊ नका, लांब उभं राहून दोन पट झूमची लेन्स वापरा. एक फोटो ग्रे कार्ड चित्राशेजारी धरून काढा म्हणजे नंतर रंग जुळवता येतात.

वॉर्निश केलेल्या ऑइलवर चकाकी येते आणि ती काही केल्या जात नाही. त्यावरचा उपाय म्हणजे दोन्ही दिव्यांपुढे एकाच दिशेने पोलरायझिंग फिल्म (एकाच दिशेचा उजेड जाऊ देणारा पारदर्शक कागद) लावायची, लेन्सवर पोलरायझर फिल्टर लावायचा आणि तो फिरवत राहायचं. एका कोनात चकाकी अशी गायब होते की स्वतःचंच चित्र पहिल्यांदा बघितल्यासारखं वाटतं. फक्त अगदी टोकापर्यंत फिरवलंत तर रंग जास्तच गडद येतात, थोडं अलीकडे थांबा. काचेमागचं काम असेल तर फ्रेममधून काढूनच फोटो घ्या.

मग क्रॉप. चित्राच्या कडेपर्यंत नेमका, भिंत दिसायला नको, फ्रेम दिसायला नको, ईझल तर नकोच नको. रंग खुलवू नका. निवड झाल्यावर प्रत्यक्ष काम फोटोपेक्षा फिकं निघालं तर काही ठिकाणी ते परत पाठवतात, आणि त्यांचं चुकतंय असंही म्हणता येत नाही. शिल्पाला तीन बाजूंचे फोटो आणि मोठ्या कामाला शेजारी माणूस उभा असलेला एक फोटो, म्हणजे आकार कळतो. पोत महत्त्वाचा असेल तर एखादा क्लोजअप.

आता फाईल. मूळ फोटो टिफमध्ये जपून ठेवा, पाठवायला जेपेग काढा आणि कलर प्रोफाईल (रंग कसे दाखवायचे ते स्क्रीनला सांगणारी माहिती) एसआरजीबी ठेवा, ॲडोबी आरजीबीमधली फाईल कित्येक स्क्रीनवर मळकट दिसते. "७२ डीपीआय की ३०० डीपीआय" (डीपीआय म्हणजे दर इंचात किती ठिपके) यावर नवीन लोक फार डोकं खातात. स्क्रीनवर बघायच्या फाईलला डीपीआयचा काही संबंध नाही, पिक्सेल मोजा. डीपीआय छापताना कामाला येतो, उदाहरणार्थ कॅटलॉगमध्ये २० सेंटिमीटर रुंद छापायचं असेल तर ३०० डीपीआयने साधारण २३६२ पिक्सेल लागतात. ओपन कॉलमध्ये जो आकार मागितला असेल तोच द्या, जास्त मोठी फाईल दिली म्हणून कुणी खूश होत नाही.

४. कागदपत्रं एकदाच तयार करा

एक फोल्डर करा आणि त्यात हे कायम तयार ठेवा:

- दहा ते पंधरा कामांचे फोटो
- कामांची यादी: नाव, वर्ष, माध्यम, माप, एडिशन (एकाच कामाच्या ठरावीक प्रती) असेल तर कितवी प्रत
- आर्टिस्ट स्टेटमेंट, दोन लांबीत: शंभर शब्द आणि तीनशे शब्द
- बायो, तृतीय पुरुषात, शंभरएक शब्द
- कलाकाराचा सीव्ही, एक किंवा दोन पानं
- वरचं सगळं एकत्र असलेली, हलकी पोर्टफोलिओ पीडीएफ
- ओळखपत्राची स्कॅन कॉपी, रेसिडेन्सीसाठी पासपोर्टची सुद्धा

मापाबद्दल एक. आधी उंची, मग रुंदी, मग खोली, ही म्युझियममधली पद्धत आहे आणि जगभर बहुतेक ठिकाणी तीच गृहीत धरतात. मी एकदा उलटं लिहिलं. आडवं काम, पण यादीत उभं झालं, आयोजकांनी त्यासाठी दोन खिडक्यांमधली अरुंद भिंत राखून ठेवली, आणि ते काम शेवटी जिन्याखाली लागलं.

स्टेटमेंट लिहिताना सगळ्यांच्या हाताला एकदम जड भाषा येते. "अस्तित्वाच्या विविध पैलूंचा शोध" वगैरे. त्या दुपारी असली स्टेटमेंट इतकी ऐकली की नंतर नंतर परीक्षक पहिल्या ओळीनंतर थांबायला लागले. त्यातलं एक मात्र अजून आठवतं, कुणीतरी साधं लिहिलं होतं की मी जुन्या घरांच्या भिंतींवर फ्रेम काढल्यावर जो फिकट चौकोन राहतो तो रंगवते. बस्स. तिघांनीही मान वर करून फोटो परत दाखवायला सांगितला. तर तुम्ही काय बनवता, कशापासून बनवता, आणि त्या गोष्टीनेच तुम्हाला का पकडून ठेवलंय, हे एखाद्या मित्राला फोनवर सांगाल तसं लिहा. तुमचं स्टेटमेंट दुसऱ्या कुठल्या कलाकाराच्या नावाखाली खपून गेलं, तर ते अजून झालेलं नाही.

सीव्ही नोकरीचा नको. शिक्षण, प्रदर्शनं, पुरस्कार, रेसिडेन्सी, छापून आलेलं काही, एवढंच, सगळ्यात नवीन वर. प्रदर्शन एकही झालेलं नसेल तर रकाना फुगवू नका, मोकळा सीव्ही हा गुन्हा नाही. नवोदितांसाठीच्या ओपन कॉलमध्ये तर तो अपेक्षितच असतो.

५. शोधायचं कुठे

रेसिडेन्सीसाठी रेस आर्टिस आणि ट्रान्सआर्टिस्ट्स या दोन वेबसाइट आधी बघा, जगभरातल्या रेसिडेन्सींची माहिती तिथे मिळते. प्रवासाच्या खर्चासकट मदत देणाऱ्या संधींसाठी ऑन द मूव्ह. बाकी खरं सांगायचं तर सगळ्यात चांगली यादी तुमच्यासारखं काम करणाऱ्या, तुमच्यापेक्षा पाचसहा वर्षं पुढे असलेल्या कलाकारांच्या सीव्हीत असते. असे दहा सीव्ही उघडा, त्यांनी पहिल्या चार-पाच वर्षांत कुठे कुठे दाखवलं ते लिहून काढा. तुमच्यासाठीचे खरे दरवाजे तेच.

एक स्प्रेडशीट करा. नाव, डेडलाइन, फी, कोण खर्च देतं, काय मागितलंय, पाठवलं का, निकाल कधी. डेडलाइनच्या रकान्यात त्यांची वेळ आणि शेजारी तुमची वेळ लिहा, "मध्यरात्रीपर्यंत" म्हणजे त्यांची मध्यरात्र, आणि टाइमझोनमुळे तुमच्याकडे तेव्हा अजून दुपार असू शकते किंवा दुसरा दिवस उजाडलेला असू शकतो. पाठवताना शेवटच्या तासावर जाऊ नका, वेबसाइट नेमकी तेव्हाच झोपते.

६. ओपन कॉल नीट वाचा, आणि सापळे ओळखा

मी आता कुठलाही ओपन कॉल वाचताना एकच प्रश्न धरून बसते, या लोकांचे पैसे कुठून येतात? कामं विकून, तिकिटातून, अनुदानातून, की माझ्याकडून? उत्तर "माझ्याकडून" असेल तर सावध.

अर्जाची छोटी फी असणं म्हणजे लगेच फसवणूक असं नाही. लंडनच्या रॉयल ॲकॅडमीचं समर एक्झिबिशन १७६९ पासून दरवर्षी भरतंय, कुणीही काम पाठवू शकतं, आणि तिथेही प्रवेश फी असते. पण अर्जाची फी वेगळी आणि निवड झाल्यावर भिंतीवरच्या जागेसाठी मागितलेले पैसे वेगळे, हा पहिला सापळा. दुसरा सापळा म्हणजे व्हॅनिटी गॅलरी. अचानक मेल येतो, तुमचं काम आम्हाला फार भावलं, अमुक शहरात आमच्या शोमध्ये या, आणि तिसऱ्या परिच्छेदात सहभाग शुल्क. अशा गॅलरीचा नफा तुम्ही पैसे भरलेत त्याच दिवशी झालेला असतो, मग तुमचं चित्र कुणी बघो न बघो. मी एकदा भरलेत असे पैसे. ओपनिंगला आले होते ते सगळे माझ्यासारखेच पैसे भरलेले कलाकार, प्रत्येकजण आपापल्या चित्राशेजारी उभा. ओळखायचं कसं? एकच कलाकार त्यांच्याकडे पुन्हा कधी दिसतो का बघा, आणि तिथे आधी दाखवलेल्या दोघातिघांना सरळ मेल करून विचारा, बहुतेक जण खरं सांगतात.

तिसरा सापळा कॉपीराइटचा. अटींमध्ये "कायमस्वरूपी", "अपरिवर्तनीय", "कोणत्याही माध्यमात", "हस्तांतरणीय" असे शब्द एकत्र दिसले तर थांबा. प्रदर्शनाच्या प्रसिद्धीसाठी फोटो वापरू देणं ठीक, पण तुमचं चित्र त्यांनी उद्या पिशव्यांवर छापायची परवानगी कशाला? लक्षात ठेवा, बर्न करार (कॉपीराइटचा आंतरराष्ट्रीय करार) मानणाऱ्या देशांत कॉपीराइट नोंदणी न करता आपोआप तुमचा असतो, आणि मूळ चित्र विकलं तरी कॉपीराइट लिहून दिल्याशिवाय जात नाही. "स्पर्धा" या नावाखाली कुणाचा लोगो किंवा भित्तिचित्राचं डिझाइन फुकटात करून घेणारेही असतात, तिथे हरलेल्यांच्या कामाचं काय होणार ते आधी वाचा.

चौथा सापळा तर इतका ठरलेला आहे की पाठ होतो. कुणीतरी लिहितं की माझ्या बायकोला तुमचं चित्र आवडलं, लग्नाच्या वाढदिवसाला सरप्राइज द्यायचंय, आम्ही घर बदलतोय, माझा माणूस येऊन चित्र नेईल, मी चेक पाठवतो. चेक जास्त रकमेचा येतो, वरचे पैसे त्या "माणसाला" द्यायला सांगतात, आणि तुम्ही दिल्यावर काही दिवसांनी चेक परत येतो. चित्र गेलं ते गेलंच, वर पैसेही गेले.

आणि शेवटी, वाहतूक कोण देणार, येण्याची आणि परतीची दोन्ही? विमा कोण काढणार? आर्टिस्ट फी आहे का? न्यूयॉर्कमध्ये २००८ साली सुरू झालेली वेज नावाची संघटना कलाकारांना प्रदर्शनासाठी मानधन मिळावं म्हणूनच काम करते, तेव्हा हा प्रश्न विचारताना लाजू नका. "एक्स्पोजर" मिळेल या उत्तराने फ्रेमवाल्याचं बिल भागत नाही.

७. अर्ज पाठवताना

फाईलला नाव द्या: आडनाव, क्रमांक, कामाचं नाव, वर्ष. कॅमेऱ्याने दिलेलं नाव तसंच ठेवलंत तर शंभर जणांच्या फोल्डरमध्ये तुमचा फोटो अनाथ होतो. निनावी निवड असेल तर मात्र उलट, फाईलच्या नावात किंवा चित्रावरच्या सहीत तुमचं नाव दिसता कामा नये, नियम वाचा. पाच फोटो मागितलेत तर पाचच. पीडीएफ दुसऱ्याच्या फोनवर उघडून बघा. मेलने पाठवत असाल तर प्रत्येकाला वेगळा मेल, एकदा मला आलेल्या एका मेलमध्ये वर बत्तीस गॅलऱ्यांचे पत्ते दिसत होते, तसं नको.

८. नकार

येणार. भरपूर येणार. कारण विचारायचं असेल तर एक ओळीत सभ्यपणे विचारा, उत्तर आलं नाही तर सोडून द्या. निवडीत परीक्षकांची आवड, जागेचा आकार, आधीच घेतलेली कामं असं बरंच काही असतं. आणि "ज्युरी नाही, फी भरा आणि दाखवा" असा नियम असूनसुद्धा १९१७ साली न्यूयॉर्कच्या सोसायटी ऑफ इंडिपेंडंट आर्टिस्ट्सने मार्सेल द्युशां या कलाकाराचं "फाउंटन" (सही केलेलं मुतारीचं भांडं) लावलं नाही, आणि द्युशां स्वतः त्यांच्या संचालक मंडळावर होता! त्याने राजीनामा दिला. आपण स्प्रेडशीटमध्ये "नाही" लिहायचं आणि पुढची ओळ बघायची.

९. कुणी बोलावत नसेल तर स्वतः भरवा

हा मार्ग कमीपणाचा अजिबात नाही. १८७४ साली पॅरिसमध्ये मोने, दगा, पिसारो, बर्त मोरिसो अशा तीसेक कलाकारांनी वर्गणी काढून, नादार नावाच्या फोटोग्राफरच्या जुन्या स्टुडिओत स्वतःचं प्रदर्शन भरवलं, सरकारी सलाँ (तिथलं मोठं अधिकृत प्रदर्शन) सुरू व्हायच्या दोन आठवडे आधी. मला त्यातली आवडलेली गोष्ट म्हणजे ते रात्री आठ ते दहा सुद्धा उघडं असायचं, म्हणजे कामावरून सुटलेल्या माणसालाही येता यावं. तुम्हीही वेळ ठरवताना हा विचार करा. आणि हेही खरं की ते तोट्यात गेलं आणि त्याच वर्षी त्यांची संस्था गुंडाळावी लागली, तेव्हा खर्चाचा कागद आधी करा. भाडं, दिवे, छपाई, वाहतूक, विमा, आणि प्रत्येकाने किती घालायचे ते लेखी.

१९८८ मध्ये लंडनला, पुढे खूप गाजलेल्या डेमियन हर्स्ट या कलाकाराने अजून शिकत असताना गोदी भागातल्या एका रिकाम्या इमारतीत "फ्रीझ" नावाचं प्रदर्शन भरवलं, सोळा कलाकारांचं. जागा फुकटातली पण कॅटलॉग एकदम व्यवस्थित छापलेला, आणि महत्त्वाच्या माणसांना पाठपुरावा करून तिथपर्यंत आणलेलं. जागा साधी चालते, पण आमंत्रणाची यादी, लेबलं, फोटो हे ढिसाळ नको. चारपाच जण मिळून करा, एकट्याने केलं तर ओपनिंगच्या दिवशी तुम्ही शिडीवर असाल आणि दारात कुणी नसेल.

१०. निवड झाली! आता कागद

आनंदाच्या भरात कामं नुसती नेऊन देऊ नका. कन्साइनमेंटचा कागद करा, म्हणजे काम विक्रीसाठी त्यांच्याकडे ठेवलंय पण मालकी तुमचीच आहे असं लिहून घेणं. दोन प्रती, दोघांच्या सह्या. त्यात हवं: कामांची यादी आणि किमती, कमिशन किती (कमर्शियल गॅलरीत ५० टक्के ही सर्रास पद्धत आहे), गिऱ्हाइकाला सवलत दिली तर ती कुणाच्या वाट्यातून जाणार, विक्रीनंतर किती दिवसांत पैसे देणार, काम त्यांच्या ताब्यात असताना नुकसान झालं तर जबाबदारी कुणाची, आणि कागदाची शेवटची तारीख. ती तारीख नसेल तर तुमचं काम कुणाच्या तरी गोडाऊनमध्ये वर्षानुवर्षं पडून राहतं.

किंमत सगळीकडे एकच ठेवा. स्टुडिओत स्वस्त आणि गॅलरीत महाग असं केलंत तर गॅलरीला कळतंच, आणि पुन्हा बोलावत नाहीत.

प्रत्येक कामाचा कंडिशन रिपोर्ट करा, म्हणजे पुढचे, मागचे आणि कोपऱ्यांचे फोटो, तारखेसह. कामाच्या मागे लेबल: नाव, शीर्षक, वर्ष, माध्यम, माप आणि वरच्या बाजूला बाण. बाणाला हसू नका. १९६१ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये फ्रेंच चित्रकार मातीसचं "ल बातो" तब्बल ४७ दिवस उलटं टांगलेलं होतं, ते शेवटी बघायला आलेल्या एका बाईंच्या लक्षात आलं.

११. पॅकिंग

रंग कोरडा हवा. ऑइल वरून कोरडं वाटलं तरी आत महिनोन्महिने ओलं असतं. चित्राला आधी ग्लासीन (गुळगुळीत, न चिकटणारा) कागद, मग बबल रॅप, आणि बबलची बाजू बाहेरच्या दिशेला. मी घाईत उलटं गुंडाळलं होतं, उघडलं तेव्हा आकाशावर गोल गोल ठसे, आणि ओपनिंग संध्याकाळी. कोपऱ्यांना जाड पुठ्ठा. काच असेल तर काचेवर चिकटपट्टीच्या फुल्या मारा म्हणजे फुटली तर तुकडे कामात घुसत नाहीत, पण पाठवायचंच असेल तर काचेऐवजी ॲक्रिलिक शीट लावा. कॅनव्हास गुंडाळायचा असेल तर जाड नळीवर आणि रंगाची बाजू बाहेर. खोक्यात उघडायचं कसं, परत भरायचं कसं याची चिठ्ठी आणि खोक्याचे फोटो ठेवा.

देशाबाहेर तात्पुरतं पाठवत असाल तर एटीए कार्नेट नावाचा कागद असतो, तो मानणाऱ्या देशांत वर्षभरापर्यंत सीमाशुल्क न भरता काम नेऊन परत आणता येतं. तिथे विकायचा इरादा असेल तर मात्र तो चालत नाही, रीतसर आयात करावी लागते. हे आयोजकांना आधीच विचारा.

१२. टांगणं

डी-रिंग (वायर अडकवायची डी आकाराची कडी) फ्रेमच्या वरून साधारण एक तृतीयांश खाली, मधे वायर, थोडी सैल. चित्राचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५५ सेंटिमीटरवर, सगळ्या कामांचा मध्य एका रेषेत. हुक कुठे ठोकायचा त्याचं गणित सोपं: मध्याची उंची, अधिक चित्राची अर्धी उंची, वजा ताणलेल्या वायरपासून वरच्या कडेपर्यंतचं अंतर. चित्र ९० सेंटिमीटर उंच, मध्य १५० वर, वायर वरून १२ खाली, तर १५० अधिक ४५ वजा १२, हुक १८३ वर. जड कामाला दोन हुक, म्हणजे तिरकं होत नाही. कागदावरच्या कामांवर उजेड कमी हवा, म्युझियममध्ये ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) आसपास ठेवतात.

सोबत न्यायचं: टेप, लेव्हल, पेन्सिल, हातोडी, ड्रिल, जास्तीचे हुक, कटर, पांढरे हातमोजे, भिंतीचं भोक बुजवायची पुट्टी. पुट्टी सगळे विसरतात.

१३. ओपनिंग आणि नंतर

ओपनिंगच्या आधी रिकाम्या हॉलचे नीट फोटो काढा, पुढच्या प्रत्येक अर्जात हेच कामाला येतील. चित्राशेजारी पहाऱ्याला उभे राहू नका, लोक तुम्हाला बघून पळतात. एक वही ठेवा, ज्यांना पुढचं काम बघायचंय त्यांचे मेल लिहून घ्या. आठवड्याभरात आयोजकांना आणि भेटलेल्यांना दोन ओळींचा मेल.

कामं परत आली की खोकं कोपऱ्यात तसंच ठेवू नका. मी महिन्याने उघडलं, कोपरा चेपलेला होता, आणि विम्याचा दावा करायची मुदत संपून गेली होती. त्याच दिवशी उघडायचं, कंडिशन रिपोर्ट शेजारी धरून बघायचं, काही झालं असेल तर खोक्यासकट फोटो काढायचे आणि त्याच दिवशी लेखी कळवायचं.